रोनकाठची लाल वाइन

फ्रान्सच्या लाल वाइनचा विषय निघाला की बोर्दो आणि बर्गंडी ही नावे आधी ओठांवर येतात. दोन्हींचा मान मोठा आणि किंमतही मोठी. पण वाइनची खरी जागा ताटाशेजारी आहे, हे ज्याला अनुभवायचे आहे त्याने रोन नदीच्या काठाने दक्षिणेकडे यावे. इथली लाल वाइन सहसा एकट्या द्राक्षाची नसते. ग्रेनाश, सीरा आणि मूरवेद्र या तीन जातींचे ते ब्लेंड असते आणि त्यात अनेकदा सँसो, कारिन्यां किंवा आणखी एखादी जुनी जात मिसळलेली असते. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत या तिघींच्या आद्याक्षरांवरून अशा वाइनला ‘जीएसएम’ म्हणतात. ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियातही आज ती बनते. पण हे त्रिकूट कशासाठी जमले, हे कळायला रोनचे खोरेच पाहावे लागते.

ही नदी स्वित्झर्लंडमधल्या हिमनदीतून निघते, जिनिव्हाच्या सरोवरातून बाहेर पडते, लिऑनला वळते आणि मग सरळ दक्षिणेला भूमध्य समुद्राची वाट धरते. लिऑनच्या खालचा पहिला टप्पा अरुंद आहे. तिथे उभ्या चढांवर ताली घालून मळे केलेले आहेत आणि लाल वाइनसाठी जात एकच, सीरा. पुढे माँतेलिमारच्या खाली खोरे एकदम रुंदावते. ऑलिव्हची झाडे दिसू लागतात, चुनखडीच्या माळावर रोजमेरी, थाइम आणि रानटी लव्हेंडर वाढते. या काटेरी, सुगंधी झुडुपांच्या माळाला तिथे गारिग म्हणतात. उन्हाळा कडक, पाऊस थोडा, आणि वर्षातले कित्येक दिवस उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा कोरडा वारा सुसाट वाहतो. हा वारा घडांवरची ओल पुसून काढतो, त्यामुळे बुरशीचे रोग कमी पडतात. कोवळे फुटवे मोडतो तोही हाच.

या हवेत सगळ्यात सुखाने नांदते ती ग्रेनाश. ती मूळची स्पेनमधल्या आरागोन भागाची मानली जाते. खोड दणकट, फांद्या ताठ. त्यामुळे तिला मांडव लागत नाही की तारा लागत नाहीत. गुडघ्याएवढे खोड ठेवून वर चार-पाच हात उघडे सोडले की झुडूप वाऱ्यापुढे स्वतःच्या बळावर उभे राहते. पाण्याचा ताण ती सोसते, उशिरा पिकते आणि पिकते तेव्हा साखरेने भरते. पण तिच्यात उणिवाही तितक्याच आहेत. साल पातळ, त्यामुळे वाइनचा रंग फिका. आम्लता कमी, त्यामुळे चवीत टवटवी थोडी. फुलोऱ्याच्या वेळी हवा बिघडली की तिची मणीगळ होते आणि घड विरळ राहतो. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला हे दुखणे समजावून सांगायची गरज नाही. शिवाय हवेशी तिचे जमत नाही. प्राणवायूचा संपर्क जास्त झाला की ग्रेनाशची वाइन लवकर विटकरी होते, तिला सुकल्या फळासारखा वास येऊ लागतो. म्हणूनच या भागातल्या तळघरांत नव्या ओकची छोटी पिंपे कमी दिसतात. तिथे सिमेंटच्या टाक्या आणि जुन्या लाकडाची प्रचंड पिंपेच जास्त वापरतात, कारण त्यांतून हवा आत कमी शिरते.

सीराचे सगळे उलट. रंग गडद जांभळा, तोंड कोरडे करणारे टॅनिन भरपूर, आणि हवा मिळाली तर ती खुलते. ग्रेनाश हवेने थकते, तर सीरा हवेवाचून गुदमरते, म्हणून एकत्र आल्या की दोघी एकमेकींना सांभाळतात. मिस्त्रालपुढे मात्र सीराच्या लवचीक काड्या टिकत नाहीत, तिला तारेवर बांधावेच लागते. 1998 मध्ये डीएनए तपासणीने तिचे आईबाप सापडले: मोंदेज ब्लांश आणि द्युरेझा, दोन्ही फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या अगदी साध्या जाती. पर्शियातल्या शिराझ शहरातून ही जात आल्याची कथा तेव्हाच निकालात निघाली. सीराच्या वाइनला काळ्या मिऱ्याचा वास येतो, तो कल्पनेचा खेळ नाही. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी त्यामागचे रसायन ओळखले. त्याचे नाव रोटंडोन, आणि मिऱ्याला मिऱ्याचा वास देणारे रसायनही तेच. याच संशोधनात असे दिसले की सुमारे पाचांतल्या एकाला रोटंडोन मुळी जाणवतच नाही. तेव्हा एकाच बाटलीवरून टेबलावर मतभेद झाले, तर चूक कोणाचीच नसते.

तिसरी मूरवेद्र. तीही स्पेनच्याच बाजूची, पण तिघींत सगळ्यात हट्टी. फार उशिरा पिकते. डोके उन्हात आणि पाय पाण्यात हवेत, असे तिच्याबद्दल प्रोव्हान्समध्ये सांगतात. उष्णता भरपूर हवी, पण मुळांना खोलवर ओलही हवी. हे दोन्ही जिथे मिळत नाही तिथे ती कच्ची राहते. पिकली की मात्र ब्लेंडला कणा देते: कातड्याचा, रानातल्या मांसाचा वास, घट्ट टॅनिन आणि वर्षानुवर्षे टिकण्याची ताकद.

आपल्याकडचा कोरडवाहू शेतकरी बाजरीत तूर का पेरतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या ब्लेंडमागचे मूळ शहाणपण लगेच उमगेल. पाऊस लवकर उघडला तर एक पीक जाईल, पण दुसरे हाती लागेल. दक्षिण रोनमध्ये हेच झाले. मणीगळीच्या वर्षी ग्रेनाश कमी आली तर सीरा आणि सँसो भर घालतात. फार तापलेल्या वर्षी उशिरा पिकणाऱ्या मूरवेद्रची आम्लता उपयोगी पडते. चवीचा विचार नंतर आला, आधी होती ती जगण्याची तजवीज. बोर्दोतही ब्लेंड करतात आणि त्याचे कौतुक जगभर होते, पण तिथली गोष्ट समुद्राकाठच्या ओल्या हवेची आहे. ऊन, दगड आणि वारा यांच्याशी जुळवून घेणारे ब्लेंड म्हणून मला रोनचेच उदाहरण जास्त बोलके वाटते.

या तिघी एकाच दिवशी तोडल्या जात नाहीत. बहुधा आधी सीरा, मग ग्रेनाश आणि सगळ्यांत शेवटी मूरवेद्र. बरेच उत्पादक प्रत्येक जात वेगळी आंबवतात, हिवाळाभर टाकीत ठेवतात आणि नंतर चाखून प्रमाण ठरवतात. काही जण मात्र जुन्या मळ्यांतली मिसळीची द्राक्षे एकत्रच टाकीत घालतात. प्रमाण सगळीकडे सारखे नसते. सर्वसाधारणपणे निम्म्याहून अधिक ग्रेनाश आणि उरलेल्यात बाकीच्या.

या भागातले सगळ्यात नामवंत गाव शातोनफ-द्यु-पाप. आव्हिन्यों आणि ओरांज या शहरांच्या मधल्या टेकाडावर ते वसले आहे. 1309 मध्ये पोप पाचवे क्लेमेंट आव्हिन्योंला आले आणि 1377 पर्यंत पोपची गादी रोमऐवजी इथेच राहिली. त्यांच्यानंतरचे पोप बाविसावे जॉन यांनी या गावात उन्हाळी किल्ला बांधवला. आज त्याची एक उंच भिंत आणि थोडे अवशेष उरले आहेत. तोवर उभा असलेला बुरूज ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला. गावाच्या बाटल्यांवर काचेतच पोपचा मुकुट आणि किल्ल्या उठवलेल्या असतात. ही खूण 1937 पासूनची.

पण पोपच्या कथेपेक्षा मला विसाव्या शतकातली कथा मोलाची वाटते. तिची सुरुवात मात्र त्याआधीच्या एका संकटात आहे. 1860 च्या दशकात अमेरिकी वेलींबरोबर फायलोक्सेरा नावाचा मुळे खाणारा किडा युरोपात शिरला. फ्रान्समधला त्याचा पहिला उपद्रव 1863 च्या सुमारास दिसला तो इथेच, रोनच्या पलीकडच्या काठावर. मळेच्या मळे वाळून गेले. अमेरिकी खुंटावर कलमे बांधून मळे पुन्हा उभे राहिले. आपल्या द्राक्षबागेत आज डॉगरिज खुंट लावतात, त्या तंत्राची सुरुवात याच संकटातून झाली. मळे उभे राहिले तरी वाइनला भाव नव्हता. शातोनफची जोरकस वाइन घाऊकीने बर्गंडीला जात असे, तिथल्या फिक्या वाइनला बळ देण्यासाठी. शिवाय भलत्याच ठिकाणची वाइन शातोनफच्या नावाने खुशाल विकली जाई.

गावकरी तेव्हा बॅरन पिएर ल रुआ यांच्याकडे गेले. पहिल्या महायुद्धात विमान चालवलेला हा माणूस शिक्षणाने वकील होता आणि लग्नामुळे इथल्या शातो फोर्तियाचा मालक झाला होता. 1923 मध्ये त्यांनी गावच्या उत्पादकांचा संघ बांधला आणि शातोनफ कशाला म्हणायचे याचे नियम मांडले. त्यातला हद्दीचा नियम मला फार आवडतो: थाइम आणि लव्हेंडर जिथे आपोआप उगवते तीच जमीन या वाइनची. सुपीक जमिनीत ही झुडुपे वाढत नाहीत, तेव्हा अशी जमीन म्हणजे कमी उत्पन्नाची आणि घट्ट रसाची, हे त्यामागचे अचूक निरीक्षण. कोणत्या जाती चालतील, अल्कोहोल किमान किती हवे, खराब घड बाजूला काढलेच पाहिजेत, हेही त्यात होते. कोर्टकचेऱ्या बरीच वर्षे चालल्या. शेवटी 15 मे 1936 रोजी फ्रान्समधल्या अगदी पहिल्या काही संरक्षित नावांत शातोनफचा समावेश झाला. नाशिकच्या द्राक्षांना आज भौगोलिक मानांकनाचा जो शिक्का मिळतो, त्या विचाराचे एक मूळ या गावात आहे.

इथे आजही हेक्टरी मर्यादा साधारण 3500 लिटरची आहे आणि घड हातानेच तोडावे लागतात. परवानगी असलेल्या जाती 13, आणि एकाच जातीचे रंग वेगवेगळे धरले तर 18. त्यातल्या काही पांढऱ्या, आणि त्या लाल वाइनमध्येही चालतात. बोकास्तेल हे घराणे तेराही जाती लावते आणि मूरवेद्रवर विशेष भर देते. उलट रायास या दुसऱ्या घराण्याची कीर्ती जवळजवळ निव्वळ ग्रेनाशवर उभी आहे. रायासचे मळे वाळूत आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शातोनफच्या प्रत्येक छायाचित्रात दिसणारे मोठाले गुळगुळीत गोटे दिवसा तापतात आणि रात्री ऊब सोडतात, हे खरे. पण सगळे श्रेय त्या गोट्यांना देणे बरोबर नाही. गोट्यांखालची चिकणमाती ओल धरून ठेवते, आणि काही अप्रतिम मळ्यांत गोटे जवळपास नाहीतच.

आता पेल्याकडे येऊ. कोत-द्यु-रोन या खोऱ्याच्या सर्वसाधारण नावाने विकली जाणारी साधी, दोन-तीन वर्षे जुनी बाटली घ्या. रंग पारदर्शक लाल, काठाशी किंचित विटकरी. पहिला वास पिकल्या स्ट्रॉबेरी-रास्पबेरीचा, तो ग्रेनाशचा. पेला हलवला की मागून सुकी पाने, मिरी, काळे ऑलिव्ह येतात. घोट घेतला की आधी गोडवा जाणवतो. प्रत्यक्षात साखर जवळजवळ नसते, पण पिकल्या फळाचा वास आणि अल्कोहोल मिळून जिभेला तसे भासवतात. मग घशाशी ऊब. टॅनिन मऊ, आम्लता थोडीच. शातोनफच्या किंवा जिगोंदास, व्हाकेरास या गावांच्या वाइनमध्ये हेच सगळे अधिक दाट असते. गेल्या काही वर्षांत उन्हाळे तापत चालल्याने शातोनफच्या बाटलीवर 14.5 ते 15 टक्के अल्कोहोल दिसणे आता नेहमीचे झाले आहे. त्यामुळेच सँसो, कुनुआझ यांसारख्या हलक्या जातींकडे उत्पादक पुन्हा वळू लागले आहेत.

या वाइनबरोबर काय खावे, याचे उत्तर या स्वभावातच आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, म्हणून तोंड कोरडे पडते. समोर मांसाची प्रथिने आणि चरबी असली की टॅनिनचा मारा त्यांच्यावर वाटला जातो आणि वाइन मऊ लागते. मीठ कडवटपणा झाकते. आम्लता मुळातच कमी असल्याने आंबट पदार्थापुढे ही वाइन ढेपाळते. व्हिनेगरचे सॅलड आणि ही वाइन एका ताटात नकोत. गोडाबरोबर तर ती कडूच लागते.

प्रोव्हान्समधल्या घराघरांत या वाइनची जोडी जमते ती दोब या पदार्थाशी. खांद्याचे किंवा गालाचे चिवट मांस, मोठाले तुकडे. ते रात्रभर लाल वाइनमध्ये भिजवतात. सोबत कांदा, गाजर, लसूण, थाइम, तमालपत्राच्या कुळातले लॉरेलचे पान आणि संत्र्याच्या वाळवलेल्या सालीचा एक तुकडा. दुसऱ्या दिवशी पोट फुगीर आणि तोंड अरुंद असलेल्या मातीच्या भांड्यात सगळे घालून अगदी मंद आचेवर तीन-चार तास ठेवायचे. रस उकळता कामा नये, नुसता थरथरला पाहिजे. चिवट मांसातले कोलॅजन हळूहळू जिलेटिन होते, रस्सा ओठाला चिकटेल इतका दाट होतो. शेवटी थोडे काळे ऑलिव्ह. मुरल्यावर दुसऱ्या दिवशी गरम केलेला दोब अधिक चांगला लागतो. त्याच्याबरोबर कोत-द्यु-रोन घेतली की थाइमला थाइम भेटते, संत्र्याच्या सालीमुळे फळाचा वास उठून येतो आणि जिलेटिन टॅनिनला शांत करते. आव्हिन्योंच्या पद्धतीचा दोब गोमांसाऐवजी मेंढीच्या मांसाचा करतात, म्हणजे आपल्याकडच्या मटणावर तो सहज जमतो.

लसूण आणि रोजमेरी खोचून भाजलेली कोकराची तंगडी ही तिथली सणावाराची जोडी. रानडुकराचा रस्सा, कामार्गच्या बैलाच्या मांसाचा गार्दियान, थंडीत ट्रफल घातलेले साधे पदार्थ हेही आहेच. शाकाहारी माणसाने मागे राहायचे कारण नाही. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची ऑलिव्ह तेलात शिजवलेली राताटुई या वाइनला छान शोभते, मात्र टोमॅटोचा आंबटपणा शिजून मावळला पाहिजे.

माशाच्या बाबतीत मी आग्रहाने नको म्हणेन. लाल वाइनबरोबर मासा खाल्ला की तोंडात जो उग्र वास राहतो त्याला वाइनमधले लोह कारण असते, असे 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले. प्रोव्हान्समधले लोकही आयोली या लसणाच्या सॉसबरोबर वाढलेल्या कॉड माशासोबत पांढरी वाइन किंवा नदीपलीकडच्या ताव्हेलची रोझेच घेतात.

आपल्या स्वयंपाकघरात मुख्य अडचण तिखटाची. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला चेतवून आग जाणवून देते, त्याच ग्राहीला अल्कोहोलही चेतवते. त्यामुळे 14.5 टक्क्यांची वाइन आणि तांबडा रस्सा एकत्र आले की दोन्हींची आग वाढते आणि दोन्हींची चव हरवते. पांढरा रस्सा मात्र उत्तम. नारळाचे दूध, काजू-खसखशीचा दाटपणा आणि मिरी, यात वाइनला हवे ते सगळे आहे. मटण सुके करताना लाल तिखट निम्मे करून मिरी वाढवली तर सीरातल्या रोटंडोनला घरचे माणूस भेटल्यासारखे होते. शेंगदाण्याच्या कुटाची भरली वांगीही जमतात, फक्त चिंच हात राखून घालावी. आमसुलाची आमटी किंवा सोलकढी त्याच जेवणात असेल तर वाइन दुसऱ्या दिवसावर ढकलावी.

या ब्लेंडमधली सीरा नाशिकमध्ये शिराझ या नावाने भरपूर लावलेली आहे, आणि तिथल्या सुला वाइनरीने ग्रेनाशची रोझेही बनवली आहे. पण जात तीच असली तरी वेळापत्रक पार वेगळे. रोनमध्ये हिवाळ्यात वेल झोपतो आणि सप्टेंबरात तोडणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये माल घ्यावा लागतो. तेव्हा नाशिकच्या शिराझकडून रोनच्या चवीची अपेक्षा करू नये. ती आपल्या जागी चाखावी.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या दगडी, थंड घरांचा आहे. या वाइनला 16 ते 18 अंश सेल्सियस बरे. आपल्या 30 अंशांच्या खोलीत ठेवलेल्या ग्रेनाशमधून फळ निघून जाते आणि नुसते अल्कोहोल नाकात भरते. बाटली वाढण्याआधी फ्रीजमध्ये ठेवून थंड करा. आणि पहिली बाटली शातोनफची घेऊ नका. तिची किंमत भारतात करांमुळे अवाच्या सवा होते आणि तरुणपणी ती फुलतही नाही. कोत-द्यु-रोन व्हिलाज लिहिलेली, चार वर्षांच्या आतली बाटली शोधा, आणि ती उघडाल त्या दिवशी मटण मंद आचेवर शिजवा.